इतिवृत्त कायम करणे

मागच्या सभेचं इतिवृत्त कायम झालं आणि माझी मुलगी माझ्या मांडीवरून त्यात गेली. मांडी थोडा वेळ गरम राहिली.

चूक माझीही होती. आमच्या सोसायटीत इतिवृत्त कुणी ऐकत नाही. सचिव ढवळेकाकू भरभर वाचतात, "कायम?" म्हणतात, आणि सगळे मोबाइलवरची नजर न काढता हात वर करतात. मीही केला. हात खाली घेताना मला चौथी ओळ कळली : 'सौ. अन्विता केळुसकर यांची कन्या जुई, वय आठ महिने, सभेत रडली.' रडली होती खरी.

"काकू, जुईला द्या ना."

"आता कायम झालंय," काकू म्हणाल्या. "दुरुस्ती हवी तर ठराव आणा."

"विषयपत्रिकेवर नाही," अध्यक्ष वर्तककाका म्हणाले. "आयत्या वेळच्या विषयांत बघू."

मी थांबले. टाकीचा विषय झाला, पार्किंगचा झाला. एकेक ठराव मंजूर झाला की हॉलमध्ये खुर्च्यांची एक रांग वाढायची आणि काकूंसमोरची वही माझ्यापासून लांब जायची. वहीतून जुईचं रडणं येत होतं. भुकेचं होतं. ते मला ओळखता येतं.

"कुणाचं आहे हो? जरा बघा की!" मागून कुणीतरी म्हणालं.

शेवटी काकांनी विचारलं, "सूचक?"

"मी."

"अनुमोदक?"

कुणी हललं नाही. मी शेजारच्या कर्णिकवहिनींचं मनगट धरलं. त्यांची आणि आमची भिंत एकच आहे.

"नाव काय गं तुझं?" वहिनी म्हणाल्या. "दोन वर्षांत एकदा तरी हळदीकुंकवाला आलीस? आणि आता अनुमोदन!"

"बाळ लहान होतं, वहिनी."

"आमची काय मोठीच जन्मली?"

सगळे हसले आणि बटाटेवड्यांकडे निघाले. काकांनी उरलेली डोकी मोजली.

"गणपूर्ती नाही. सभा तहकूब. अर्ध्या तासाने इथेच पुन्हा. तेव्हा गणपूर्ती लागत नाही."

"आणि अनुमोदक?"

"तो लागतोच."

तहकूब सभेला आमच्याकडे कुणी परत येत नाही. मी वहीकडे चालू लागले. एकसष्ट रांगा होत्या. पोचले तेव्हा अर्धा तास संपत आला होता, आणि टेबलाशी ढवळेकाकू एकट्याच शिक्क्याची गादी पुसत होत्या. रडता रडता जुईचा आवाज बसला होता. चौथी ओळ बारीक थरथरत होती.

मी वही मांडीवर घेतली.

"सभेची वही आहे ती," काकू म्हणाल्या. पण मी गाऊनची बटणं काढायला लागल्यावर त्यांनी पाठ फिरवली.

मी पान छातीशी धरलं. कागद आधी चाचपडला, मग ओढू लागला. दूध उतरलं. पान भिजत गेलं, चौथ्या ओळीची शाई पसरू लागली, आणि रडणं थांबलं.