कोऱ्या रकान्यांची सरासरी

मित्रांनो, एका निकषावर समितीचं शिक्कामोर्तब झालं की दाढीवाल्या साहेबांना विभागप्रमुखाची खुर्ची मिळणार होती, खिडकीजवळची खोली मिळणार होती आणि सासुरवाडीत त्यांच्या शब्दाला जरा वजन येणार होतं. त्यांच्या चष्मेवाल्या सोबत्याला त्यांची रिकामी होणारी जागा. आणि मला? फार तर एक नवं झाकण.

मी त्यांच्या प्रयोगशाळेतला मोजणीचा जुना डबा. चालत्या गाडीत मोबाइल इंटरनेट किती वेगानं येतं, ते दर सेकंदाला टिपणं एवढंच माझं काम. मला साहेबांनीच जोडलं. सुरुवातीला ते मला मांडीवर घेऊन गाडीत बसत, पाहुण्यांना "हा आमचा थोरला" म्हणून दाखवत. पुढे नवी, चकचकीत यंत्रं आली आणि थोरल्याची रवानगी मागच्या सीटखाली झाली.

तेव्हा मोबाइल इंटरनेटसाठी अनेक कंपन्यांच्या बिनतारी पद्धतींतून एक निवडायची होती. पण त्याआधी समितीला परीक्षाच ठरवायची होती: कशावर पास, कशावर नापास. मंडळींचा सगळा जोर तिथेच! जो तो आपल्या लेकराला सोपा जाईल असा पेपर मागत होता. साहेबांची पद्धत सरासरी वेगात अव्वल, म्हणून त्यांनी सरासरीचा निकष मांडला. समितीच्या अध्यक्ष त्यांच्या जुन्या शिक्षिका. बाई राजी होत्या. उद्या मंजुरी, आज शेवटची फेरी.

टेकडीमागच्या वळणावर साहेबांना पत्नीचा फोन आला, आमच्याच चाचणीच्या जोडणीवर. दोन वाक्यांत तुटला. परत लागला तो तक्रार घेऊनच.

"मी बोलायला लागले की बरोबर तुटतो हं तुमचा फोन!"

"अगं, टेकडी आहे मध्ये."

"माझ्या माहेरचा विषय निघाला की नेमकी टेकडी कशी येते हो?"

साहेब हसले. हसता हसता त्यांची नजर सीटखालून डोकावणाऱ्या माझ्या पडद्यावर गेली आणि तिथेच अडकली. त्या वळणावरचे माझे रकाने कोरे होते. संपर्क तुटला की मी काहीच लिहीत नसे, आणि सरासरी काढताना कोरे रकाने वगळायची रीत होती. म्हणजे जोडणी रडतखडत चालली तर सरासरी घसरायची, पार तुटली तर तिला धक्काही नाही! नापास मुलांना गैरहजर दाखवून वर्गाचा निकाल फुगवावा, तसंच हे.

"कुणाच्या लक्षात येतंय?" शेजारी बसलेला चष्मेवाला पुटपुटला. "उद्याचं होऊन जाऊ दे, मग बघू."

"माझ्या आलंय ना," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मला समितीच्या टेबलावर ठेवून त्यांनी सगळं सांगितलं.

"यात तुझं काय जातंय, कळतंय ना?" बाईंनी विचारलं.

"कळतंय, बाई. घरी सांगायचं तेवढं राहिलंय."

मग ठरलं: तुटलेली जोडणी शून्य धरायची, आणि ज्यांना सगळ्यांत कमी वेग मिळतो त्यांचा आकडा वेगळा तपासायचा. सर्वांत जास्त वेळा तुटत होती ती साहेबांचीच पद्धत. ती नापास झाली.

मी आता कपाटावर असतो. मित्रांनो, मोजणाऱ्या वस्तूंवरची धूळ अधूनमधून पुसत जा. आणि काही मोजाल तेव्हा, ज्याच्याकडून उत्तरच आलं नाही त्यालाही मोजा.

बाकी हिशेब असा. ज्या कंपनीची पद्धत जिंकली, तिच्यात चष्मेवाला गेला, चांगल्या हुद्द्यावर. बाईंच्या समितीचं नाव झालं. आडबाजूच्या लोकांना सलग बोलता येऊ लागलं, का ते त्यांना ठाऊक नाही. किंमत मोजली ती एकट्या साहेबांनी. ते अजून जुन्याच टेबलावर बसतात, नव्या विभागप्रमुखाच्या हाताखाली.