बेसिनमध्ये गेलेला माझा कडू रस

उद्याची कॉलेजची तपासणी नीट पार पडली, तर प्रयोगशाळेतल्या मारोतीकाकांची बारा वर्षांची हंगामी नोकरी कायम होणार होती. एवढा फायदा समोर दिसला की माणूस दिसेल ते पुसत सुटतो.

मित्रांनो, मी एक जुना स्पंज आहे. भांडी घासायचा नव्हे, समुद्रातला. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या जाळ्यात सापडलो आणि स्पिरिटच्या बरणीत बसून रायपूरच्या कॉलेजात आलो. छत्तीसगडची ही राजधानी नवी, पाट्या नव्या. जुना मी एकटाच.

आम्हाला पाय नाहीत, दात नाहीत. मासा आला तर पळायचं कुठे? कोट्यवधी वर्षांपूर्वी आमच्यातल्या कुणाच्या तरी अंगात चुकून कडू रस तयार झाला. माशांनी त्याला थुंकून टाकलं आणि रस नसलेल्यांना खाल्लं. वाचला त्याचीच प्रजा वाढली, आणि पिढ्यान्‌पिढ्या रस आणखी जहाल होत गेला. काही रस आम्ही स्वतः बनवतो, काही आमच्या अंगात बिऱ्हाड केलेले जिवाणू. माझा रस कुणाचा, हे शोधायला इथली संशोधक रुचिता तीन वर्षं राबत होती. तो उतरून बरणीतलं स्पिरिट पिवळं झालं होतं. दुसरा नमुना नव्हता.

तपासणीआधी पिवळं पडलेलं पाणी बदलायचं, ही इथली रीत. काकांनी माझी बरणी बेसिनवर उलटी केली. ओरडायला मला तोंड कुठे? वर फॉर्मेलिन भरलं. त्याने माझ्या पेशींतली जनुकंही तपासण्यासारखी उरली नाहीत.

रुचिता आली. "काका, इसका पीला पानी?"

"फेकलं ना, पोट्टी! कसं घाण दिसत होतं. आता पाह्य, कशी चमकून राहिली!"

"काका, तेच तर माझं काम होतं!"

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"बरणीवर लिहिलं होतं ना."

"इंग्लिशमधी?"

काकांनी बेसिनखालचा पाइप खोलला आणि वाडग्यात पाणी धरलं: सापाच्या, बेडकाच्या बरण्यांचं, फिनाइलचं, सगळं एकत्र. "यातून निघन का व?" रुचिताने वाडगा घेतला, वास घेतला आणि खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "वाह, ये किसने चमकाया?" काका दाराआडून हलले नाहीत. शाबासकी प्राचार्यांनी घेतली.

मित्रांनो, ओतण्याआधी विचारा. आणि लिहिताना पुसणाऱ्याला वाचता येईल असं लिहा. तपासणी पार पडली, पण काकांचं नाव कुणी पुढे केलं नाही; ते अजून हंगामीच आहेत. रुचिता आता धानाच्या किडीवर काम करते. तीन वर्षं तिची गेली ती गेलीच. माझ्या पूर्वजांनी जीव देऊन कमावलेला कडूपणा नालीला लागला. फुकटात पास झालं ते कॉलेज.