दोन थापा

खिंड ओलांडायच्या आत मला बायकोला एक गोष्ट सांगायची होती, आणि त्यासाठी सकाळपासून मी चांगल्या रस्त्याची वाट बघत होतो. चांगला रस्ता काही येईना. शहर सुटल्यावर थोडं डांबर होतं, पण तेव्हा ती गुणगुणत होती, आणि गुणगुणणाऱ्या बाईला वाईट बातमी देण्याइतका मी निर्दय नाही. पुढे खडी लागली, तेव्हा दोघांचेही दात एकमेकांवर आपटत होते. मग वळणं सुरू झाली. वळणावर बोलायचं नाही हा आमच्या घरातला जुना नियम आहे.

गोष्ट एवढीच, की मी मोटरसायकल विकली होती. तिला वाटत होतं, आपण डोंगरापलीकडे सहज फिरायला चाललोय. प्रत्यक्षात आम्ही गाडी पोचवायला चाललो होतो. पलीकडच्या गावातल्या नर्सबाईंना मी फोनवर शब्द दिला होता आणि परतीची बसची तिकिटं माझ्या जॅकेटच्या आतल्या खिशात होती. सकाळपासून ती मला टोचत होती.

या गाडीला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. थंडीत सुरू व्हायला ती इतकी कुरकुर करते, आणि एकदा सुरू झाली की इतकं बोलते, की लेकीने लहानपणी ठेवलेलं हे नाव कायमचं चिकटलं. माझा धंदा सोफे आणि खुर्च्या शिवून देण्याचा. त्यामुळे आत्याबाईची सीटही मीच शिवत आलो. पुढची माझी जागा ठिगळांवर चालते. मागची बायकोची मात्र दर थोड्या वर्षांनी नवी होते. आत जाड फोम, वर मऊ कातडं, कडेने दुहेरी शिलाई. ती सीट बघून मला सोफ्याची कामं मिळाली आहेत.

बायको दातांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलाशी बसून पेशंटचे नंबर लावते. 'तसं फारसं दुखत नाहीये' असं म्हणत कोणी आत आला, की याला सगळ्यांच्या आधी पाठवायला हवं हे तिला तिथेच कळतं. डॉक्टरही या बाबतीत तिचंच ऐकतात. अशा बाईपासून मी महिनाभर एक गोष्ट लपवली होती, आणि ती लपली याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटत होतं.

चालत्या गाडीवर आमचं बोलणं हातांनी चालतं. हेल्मेटमधून ओरडून ओरडून आमची इतकी भांडणं झाली, की शेवटी तिनेच पद्धत ठरवून टाकली. माझ्या उजव्या खांद्यावर दोन थापा म्हणजे बसले, निघा. एक थाप म्हणजे हळू. बरगडीत बोट म्हणजे थांबा, आत्ताच्या आत्ता, कारण नंतर सांगते. आणि कधी लांबलचक सरळ रस्ता लागला, की ती नुसता तळहात माझ्या पाठीवर ठेवून देते. त्याचा अर्थ आम्ही कधी ठरवला नाही.

चढाच्या निम्म्यावर एक चहाचं दुकान लागलं. पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, आणि तिसऱ्या गिऱ्हाइकाची वाट बघत पहिल्या दोघांशी बोलत बसणारा मालक. चहा झाला. बायको हात धुवायला मागच्या नळावर गेली. मी हेल्मेट घातलं, आत्याबाईची मनधरणी करून तिला सुरू केलं आणि समोरच्या घाटाकडे बघत मनात वाक्यं जुळवायला लागलो. 'अगं, ऐक ना' अशी सुरुवात करावी की एकदम मुद्द्यावर यावं, इथेच माझं घोडं अडलं होतं. तेवढ्यात चहावाल्याला सीटमागे बांधलेल्या आमच्या बॅगेची दोरी सैल दिसली. भला माणूस. त्याने बॅग पुढे सीटवर सरकवली, तिच्यावर गुडघा देऊन दोरी ताणली, गाडी जराशी दबली, आणि मग निरोप म्हणून त्याने माझ्या उजव्या खांद्यावर दोन थापा मारल्या.

मी निघालो.

आरशात बघायचं होतं, असं म्हणणारे भेटतील. आत्याबाईचा आरसा खडीवर हळूहळू वर वळत जातो आणि शेवटी फक्त आकाश दाखवतो. त्या दिवशी आकाश छान होतं.

पहिली काही वळणं मी गप्प होतो. मग रस्ता दरीच्या कडेने जरा सरळ झाला आणि मी धीर केला. "अगं, ऐक," मी ओरडलो. "रागावू नकोस. मी आत्याबाई विकली."

मागून काही नाही. थाप नाही, बोट नाही. पण पाठीला तिचा भार टेकलेला जाणवत होता, म्हणजे अगदीच बिनसलं नसावं. मी पुढे रेटलं. सुटे भाग मिळत नाहीत, लेकही म्हणते विका, आपणही आता बसने फिरावं. तरी उत्तर नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढा कडक अबोला तिने कधी धरला नव्हता.

"बरं, खरं सांगतो," मी म्हणालो. "माझा डावा हात बधिर होतो. शिवताना सुई गळून पडते. क्लच दाबलाय की सुटलाय हे कधी कधी कळतच नाही. डॉक्टर म्हणाले, मानेतली नस दबलीय, व्यायामाने सुधारेल, पण गाडी बंद करा. मला माझं काही नाही गं. पण मागे तू असतेस. एखाद्या वळणावर तुला पाडलं तर मी काय करू?"

महिनाभर स्वतःशीही नीट बोललो नव्हतो ते सगळं बोलून टाकलं आणि एकदम हलकं वाटलं. आता तिने काहीतरी म्हणावं, निदान एक चापट तरी मारावी, अशी फार इच्छा झाली. पुलाशी वेग कमी केला आणि डावा हात मागे नेऊन तिच्या गुडघ्यावर ठेवला. बायकोच्या गुडघ्याला बकल नसतं हे त्या बधिर हाताला कळायला जरा वेळ लागला.

माझी पाचावर धारण बसली. चहाचं दुकान, नळ, थापा, यातलं काहीही मला आठवेना. एवढंच डोक्यात आलं, की ती पडली. ज्याची भीती वाटत होती ते मी करून बसलो, आणि वर बडबडत राहिलो. गाडी कशी वळवली ते सांगता येणार नाही. परतताना प्रत्येक वळणावर थांबलो, कठड्यावरून वाकून खाली बघितलं, तिला हाका मारल्या. एका ठिकाणी निळं काहीतरी दिसलं आणि मी कठड्यावर चढलो. ती कुणीतरी फेकलेली पाण्याची टाकी होती.

शेवटचं वळण घेतलं तर बायको दुकानाच्या बाकड्यावर बसलेली, हातात चहाचा दुसरा कप. माझा जीव भांड्यात पडला. चहावाला तिच्याशेजारी अपराधी चेहरा करून उभा होता.

"ताई, मी आपला निरोप म्हणून थाप मारली हो," तो तिला पुन्हा सांगत होता.

"तुमचं काही चुकलं नाही, दादा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तिला हसू आवरत नव्हतं. "कुठवर गेला होता?"

"पुलापर्यंत."

"पुलापर्यंत? आणि मी मागे नाही हे तोवर कळलं नाही?"

"तू गप्प होतीस. मला वाटलं, रागावलीस."

"मी कशाला रागावेन?"

आता सुटका नव्हती. बॅगेला सांगताना शब्द कसे भराभर आले होते. समोर तिचा चेहरा, आणि तोंडातून शब्द फुटेना.

"आत्याबाई विकली," मी म्हणालो. "आज पोचवायचीय. घाटापलीकडे, एका नर्सबाईंना."

तिचं हसू मावळलं. "म्हणजे आपण फिरायला नाही आलो?"

"आलो ना. शेवटचं."

चहावाल्याला अचानक आतली भांडी घासायची आठवण झाली. बायकोने कप खाली ठेवला. "का विकली?"

मी डावा हात पुढे केला. बोलण्यापेक्षा ते सोपं होतं. "हा बधिर होतो. क्लच कळत नाही. तुला पाडीन अशी भीती वाटते."

तिने हात धरला आणि एकेक बोट चिमटीत दाबून बघितलं. "हे कळतं?"

"कळतं."

"हे?"

"हेही."

"आणि ही करंगळी?"

ती करंगळी दाबत होती हे मला दिसत होतं. कळत नव्हतं. मी मान हलवली.

"आणि असा हात घेऊन तुम्ही मला घाटात आणलंत."

"हळू चालवत होतो."

"मग हळू पडलो असतो, एवढंच."

ती भडकणार म्हणून मी तयारीत उभा राहिलो, पण ती बाकड्यावर तशीच बसून राहिली, माझा हात हातात घेऊन. तिचे डोळे भरून आले होते.

"दिवसभर मी लोकांची तोंडं बघते," ती म्हणाली. "पायरी चढतानाच मला कळतं, कुणाला दुखतंय. आणि आपल्याच घरातलं महिनाभर कळलं नाही."

"मी लपवलं होतं ना."

"तुम्हाला लपवता येतं कुठे, अहो. घरी तुमचं डोकं सोफ्यात, आणि रस्त्यावर मी मागे. इतकी वर्षं तुमच्यामागे बसले मी. पाठीवरून माणसाचं काय कळणार?"

मला फार वाईट वाटलं. गाडी विकताना वाटलं नव्हतं तेवढं. मी तिच्याशेजारी बसलो आणि 'चुकलं माझं' म्हणालो. तिने पदरी पडलेला पेशंट सांभाळावा तसं मला पाणी पाजलं, नाक पुसलं (स्वतःचं), आणि कामाला लागली.

"त्या नर्सबाईंना फोन लावा. इथून पुढे तुम्ही चालवायची नाही."

"पण मी शब्द दिलाय, गाडी दारात आणून देतो म्हणून."

"शब्द गाडीचा दिलाय. ड्रायव्हरचा नाही."

नर्सबाई पावाच्या गाडीतून आल्या. गाडी त्यांचा नवरा चालवत होता. तो बेकरीवाला, दारातून वाकून उतरावं लागेल एवढा उंच, आणि भुवयांवर पीठ. नर्सबाई त्याच्या खांद्यालाही लागत नव्हत्या, पण पायात बूट असे, की आत्याबाई त्यांना बघूनच पहिल्या किकला सुरू झाली. मला थोडा रागच आला तिचा. डोंगरातल्या वाड्यांवर जाऊन त्यांना बाळंतिणी आणि म्हातारीकोतारी बघावी लागत, आणि पावाची गाडी त्या वाटांना जात नाही. दुकानासमोर त्यांनी सफाईने दोन फेऱ्या मारल्या.

"छान आहे, काका," त्या म्हणाल्या. "फक्त मागे माणूस असताना कशी वळते ते बघायला हवं."

सगळ्यांनी बेकरीवाल्याकडे बघितलं. बेकरीवाल्याने आकाशाकडे बघितलं. "मी मागे बसलो की डोळे मिटतो," तो म्हणाला. "हिला ते आवडत नाही."

बायकोने माझ्या हातातून स्वतःचं हेल्मेट घेतलं. "मी बसते. नाहीतरी जागा माझीच आहे."

तिने नर्सबाईंना पद्धत समजावली. दोन थापा, एक थाप, बरगडीत बोट. मग मागे बसली, कातड्यावरून एकदा हात फिरवला आणि दोन थापा मारल्या. त्या निघाल्या. मी बॅग मांडीवर घेऊन बेकरीवाल्याशेजारी बसलो. दोघींच्या मागोमाग आम्ही खिंडीतून पलीकडे उतरायला लागलो. आत ताज्या पावाचा वास भरला होता.

ती सीट मी किती वेळा उसवली आणि शिवली. बायकोच्या बसण्याच्या सवयीने ती डावीकडे जास्त दबते हे मला माहीत होतं, म्हणून तिकडे फोमचा जादा थर घालायचो. पण तिला त्या सीटवर बसलेलं मी कधी बघितलंच नव्हतं. दिसणार कशी? मी पुढे. आता बघत होतो. वळण आलं की ती नर्सबाईंच्या आधीच कलायची. खड्डा दिसला की जराशी उठायची, पायाखालच्या दांड्यांवर भार द्यायची, आणि अलगद परत बसायची. इतकी वर्षं मला वाटत होतं की गाडी मी चालवतोय.

"काकू काय मस्त बसतात हो," बेकरीवाला म्हणाला. मी खिडकीबाहेर बघितलं, कारण माझे डोळे ठीक नव्हते.

उतारावर तिने एक थाप मारली, दोनदा बोट लावून गाडी थांबवायला लावली, एकदा मेंढ्यांसाठी आणि एकदा उगाचच, दरी बघायला. शेवटी खाली गावापर्यंत लांब सरळ रस्ता लागला. मी पुढे सरकून काचेला नाक लावलं. तिचे हात स्वतःच्या मांडीवर होते, गावापर्यंत तिथेच राहिले. तळहात तिने नर्सबाईंच्या पाठीवर एकदाही ठेवला नाही.

गावात निरोप पटकन उरकला. नर्सबाईंना वाडीवरून बोलावणं आलं होतं. नवऱ्याला मागे बसवून त्या तशाच निघाल्या, आणि तो खरंच डोळे मिटून बसला होता. आत्याबाईचा आवाज कोपऱ्यावरून वळला, मग पुढच्या वळणावर थोडा ऐकू आला, मग नाही. मी जॅकेटचा आतला खिसा चाचपायला लागलो, तोच बायकोने त्यात हात घालून परतीची तिकिटं काढली.

बसमध्ये मी सवयीने पुढच्या सीटकडे निघालो, तिला वाटलं तर मागे बसेल म्हणून. तिने बाहीला धरून मला शेजारी बसवलं. मग खिडकीला पाठ लावून माझ्याकडे तोंड करून बसली आणि थोडा वेळ नुसती बघत राहिली, टेबलासमोर नवा पेशंट आल्यावर बघते तशी.

"इथून चेहरा दिसतो," ती म्हणाली. "आता सांगा, अजून कुठे कुठे दुखतं?"

तसं फारसं काही नाही, असं मी म्हणणार होतो. मग तिच्याकडे बघितलं आणि गुडघ्यापासून सुरुवात केली.