दादाच्या विमानाचा दुसरा रिमोट

हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी मोटरची गुणगुण एकाएकी थांबते आणि माळावर जी शांतता उतरते, ती माझा थोरला भाऊ मान किंचित कलती करून ऐकतो. तारनाक्याहून आम्ही दोघे खेळण्यातली विमाने उडवायला शहराबाहेरच्या या माळावर येतो. धुके अजून खडकांना बिलगलेले असते. उड्डाणाआधी दादाचा एक नेम ठरलेला. मी गुडघ्यावर बसून विमानाचे शेपूट धरायचे, त्याने मोटर थोडी फिरवायची आणि आपला रिमोट बंद करायचा. संदेश तुटताच मोटर थांबली पाहिजे. यालाच फेलसेफ म्हणतात. रेल्वेच्या सिग्नल खात्यात उभे आयुष्य घालवलेल्या या माणसाची श्रद्धा एवढीच, की तार तुटली तर सिग्नल लालच व्हावा. बिघाडालाही सभ्यपणे थांबता आले पाहिजे.

गेल्या वर्षापासून मात्र समोरून येणाऱ्या विमानाचे डावे-उजवे त्याला उमगेनासे झाले. रोजच्या गल्लीत वळण विसरावे तसे त्याचे अंगठे थबकत. दोन विमाने खडकांवर गेली. आता उडवू नकोस, हे सांगण्याचे धैर्य माझ्यात नव्हते, आणि ते नसल्यामुळेच मी त्याला फसवले. विमान माझ्या रिमोटला जोडले आणि नवशिक्याचा लावतात तसा त्याचा रिमोट माझ्यामार्फत चालेल असा लावला. माझ्या गळ्यातला रिमोट माझ्या विमानाचा, असे तो समजे. वळण चुकू लागले की मी एक खटका फिरवायचो. विमान माझे व्हायचे, अलगद टेकायचे.

"क्या उतारे दादा, एकदम मक्खन," आमचे सोबती रशीदभाई म्हणत. दादा ती दाद निमूट घेई, आणि मला त्याच्या डोळ्यांकडे पाहवत नसे.

त्याचा रिमोट बंद झाला की विमान आपोआप माझ्या ताब्यात येई. माझा थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग ठरवणारी दांडी, तळाशी असल्याने मोटर थांबे आणि त्याला संशय येत नसे. गेल्या रविवारी थ्रॉटल खाली करायचा राहिला. दादाने रिमोट बंद केला आणि मोटर उलट वाढली. पंखा विमानाला माझ्या मुठीतून ओढू लागला. मी घाईने थ्रॉटल खाली ओढला. दादा हातातल्या विझलेल्या रिमोटकडे आणि मग माझ्या गळ्याकडे पाहत राहिला. कोवळे ऊन त्याच्या दाढीच्या पांढऱ्या खुंटांवर स्थिर होते.

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून."

"वाटलंच मला. इतकं चांगलं तर मी कधीच उतरवलं नव्हतं रे."

मी क्षमेचे शब्द जुळवत होतो. त्याने ते हातानेच बाजूला सारले.

"घेशील तेव्हा 'घेतलं' म्हणून सांगत जा, बस. मी उगाच येड्यासारखा दांड्या हलवत बसतो."

मग त्याने विमान उडवले. उंच, उन्हाच्या दिशेने, पूर्वीसारखेच हळुवार. परतीच्या वळणावर त्याचे अंगठे थबकले तेव्हा मी म्हणालो, "घेतलं." माझा आवाज मलाच परका वाटला. दादाने दोन्ही अंगठे उचलले आणि प्रथमच, काहीही न सांभाळता, आपल्या विमानाकडे नुसते पाहिले.

माणसे आपल्यापासून एकदम दुरावत नाहीत. त्यांचे एकेक वळण आपल्या हाती येत राहते, आणि आपले 'घेतलं' ऐकायला जिथे ती उरत नाहीत, तिथून त्यांची आठवण सुरू होते.