मालकाचा हात

टिक, टिक, टिक, टिक.

आठवडाभर घरात माझ्याशी कोणी बोललं नव्हतं, आणि त्या मुक्या घरात पहिला आवाज झाला तो चाकाचा. मी तांदूळ निवडत होते. मान वर करून पाहिलं तर छपरीत सासरे नवं चाक मांडीवर घेऊन बसलेले, बोटानं फिरवत होते.

"बाई," ते म्हणाले, "हे चाक बसवाचं हाये ना तुले? मंग ये. तांदूळ पळून नाई जात."

मला रडूच आलं. रामाजी माझे सासरे, आणि माझे गुरूही. धानोऱ्याच्या रस्त्याला लागून आमच्या छपरीतच सायकलचं दुकान. त्यांचे हात थरथरायला लागले तसं एकेक काम त्यांनी माझ्या हातात दिलं. आधी पंक्चर, मग चाकाचा वाक काढणं, मग गिअर. माझा नवरा राजदीप घुग्घुसला ट्रकवर गेला, तिथं त्याचं दुसरं बिऱ्हाड झालं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. घरात मात्र तो अजून 'ड्युटीवर' आहे. दुकान चालतं ते माझ्या हातांवर, हेही घरात कोणी म्हणत नाही.

मी फक्त एवढंच सांगितलं होतं की घाटापलीकडच्या आश्रमशाळेत मला स्वयंपाकाचं काम मिळालंय. तेव्हापासून अबोला. सासूबाई बायनाबाई, भिंतीला सांगावं तसं, मला ऐकवायच्या, "नवरा टिकवता नाई आला. आता लोकायच्या पोरायले जेवू घालाले चालली." माझी पाच वर्षांची खुशबू तेवढी मधे निरोप्या. "आई, आजी म्हणते, आईले सांग, पाणी भर."

सकाळी सातच्या आत शाळेची चूल पेटायला हवी. त्या वेळी बस नाही. घाट चढेल अशी एकच गाडी घरात होती, राजदीपची जुनी गिअरची सायकल. तिच्या मागच्या चाकाच्या मधल्या हबचे आटे झिजून गेले होते. पायडल मारलं की दातेरी चकत्या नुसत्या गरगरायच्या, चाक जागचं हलायचं नाही. तसलं आटेवालं चाक आता चंद्रपुरातही कोणी ठेवत नाही. आमच्या गल्लीतला लालसू तिकडे टेम्पो नेतो, त्यानं भंगारातून हे नव्या पद्धतीचं आणलं. यात चकत्यांचा संच हबवर फिरवून नाही, सरकवून बसवतात. कॅसेट म्हणतात त्याला.

दुपारभर आम्ही दोघं खपलो. नवं हब आमच्या सायकलच्या, मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यात मावेना, जरा रुंद. सासरे सांगत गेले, मी लांब बोल्ट घालून चिमटा हळूहळू फाकवला. मग हबवर चकत्या सरकवायचा दांडा लांब आणि आमच्या चकत्या सातच, त्यामुळे सगळा संच खडखडायला लागला.

"आता काय करशीन?" त्यांनी विचारलं.

"मागून कडी घालू?"

"कशाची?"

मी कोपऱ्यातला पाण्याचा पाइप उचलला. ते हसले. आठवड्यात पहिल्यांदा. पाइपाची कडी कापून, घासून चकत्यांच्या मागं सरकवली, पुढून आटा कसला आणि संच दगडासारखा बसला. खुशबू उरलेल्या पाइपातून माझ्याकडे बघत होती. "आई, तू गोल दिसून राह्यली."

एकच गोष्ट जोखमीची होती. या सायकलचा गिअरचा दांडा जुन्या काळचा, टक टक करून थांबत नाही. अंदाजानं ओढायचा. चेनला चकतीवरून चकतीवर ढकलणारा मागचा लोंबता हात जास्त ओढला तर सगळ्यात मोठ्या चकतीपलीकडे, थेट चाकाच्या तारांत जातो. त्याला अडवणारा एक बारीक पेच असतो. बाकी कोणी नाही. म्हणून कॅरिअरवर धानाचं पोतं बांधून मी गाडी स्टँडवरून खाली घेतली आणि पोत्यासकट रस्त्यावर चालवून पेच लावला. आमच्याकडे रिकामी सायकल जाते कुठं? वजनाखाली चाक लवतं, तेव्हाचं माप खरं. हेही त्यांनीच शिकवलेलं.

"झालं, मामाजी," मी म्हटलं आणि पेचकस त्यांच्या हातात दिला.

आमच्या दुकानाची रीतच आहे. गाडी कोणीही दुरुस्त करो, शेवटी पेचकस रामाजी घेणार, एखादा पेच चाचपणार, मग गाडी दुकानाबाहेर. 'मालकाचा हात' म्हणतात. आणि मालकाचा हात लागल्यावर पुन्हा तपासायचं नाही. तसं करणं म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं ठरवणं. मी चुलीकडे वळले. आठवड्यानं माणूस बोललं होतं; मी कशाला तपासते?

सकाळी खुशबूला आजीपाशी ठेवून निघायचं ठरलं होतं. बायनाबाई उठल्याच नाहीत. पांघरुणातून म्हणाल्या, "माह्यानं नाई होत. कमावाले चालली ना, घेऊन जा आपली कमाई संगं."

मग खुशबूला कॅरिअरवर बसवलं. तिचे केस अजून ओले होते, एका हातात पोळीचा गुंडाळा. सासरे छपरीतून आले. त्यांनी तोंड उघडलं, काही म्हणतील असं वाटलं. मग खांद्यावरचा दुपट्टा काढला, खाली बसले आणि तिचे दोन्ही पाय कॅरिअरच्या दांड्यांना नीट बांधले.

"चाकात जाईन पाय," ते म्हणाले. "हलवू नको बेटा."

सपाटीवर गाडी लोण्यासारखी चालली. मागून खुशबू प्रत्येक झाडाला विचारत होती, तुझं नाव काय. घाट लागला तशी मी गिअरचा दांडा ओढत गेले. शेवटच्या वळणावर मोठी चकती लागणार होती. ओढला. चेन वर चढली, आणि थांबली नाही. खरकन् आवाज झाला, तो लोंबता हात तारांत गेला, चाक जागीच गच्च झालं आणि आम्ही उजवीकडे मुरुमावर कोसळलो.

मी सुटून पडले. खुशबू सुटली नाही. पाय बांधलेले होते. सायकल तिच्यावर, आणि तिचा हात सायकलखाली.

मागून आमच्या गावच्या बिरजूचा ट्रॅक्टर आला म्हणून बरं. त्यानं आम्हाला आणि सायकलीला वर घेतलं. तिला मांडीवर दाबून धरलं होतं, समोर ते चाक होतं, आणि माझी नजर आपोआप त्या पेचावर गेली. धक्क्यांनी पेच ढिला झाला तर पाव आटा, अर्धा आटा होतो. हा इतका बाहेर होता की त्याच्या डोक्याखाली माझं नख गेलं.

दवाखान्यात प्लास्टर होत असतानाच शाळेतून फोन आला. "बाई, पोरं उपाशी नाई ठेवता येत. गावातल्या सुकरीले लावलं आम्ही." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

घरी आल्यावर सायकल मी छपरीत आडवी केली.

"मामाजी, हा पेच पाहा."

"रस्ता खराब हाये," ते म्हणाले. "होते ढिला."

"इतका?"

"अवो, म्हाताऱ्यावर आळ घेते काय?" बायनाबाई आतून ओरडल्या. "सोतानं लेकरू पाडलं, अन् सासऱ्याच्या नावानं बोंब."

मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "उतारावर हे झालं असतं, मामाजी, तं ही पोरगी आज राह्यली नसती."

सासरे एकदम चिडले. दुकानात मी चुकीचा पाना उचलला की चिडत, अगदी तसे.

"उतारावर कोण मोठ्या चकतीवर टाकते? एवढं शिकवलं तुले! चढावरच टाकशीन, हे मले मालूम होतं. चढावर गाडी पायी चालल्यासारखी चालते. गुडघा फुटन, गाडी मोडन, बास. दोन दिवस घरी बसशीन, तवापर्यंत शाळावाले दुसरी पाहतीन. मी का कसाई हाव काय?"

मग बायनाबाई आतून म्हणाल्या, "च्या ठेवू काय?"

"पाय तुम्हीच बांधले तिचे," मी म्हटलं. "समोर बसून."

"चाकात जाऊ नाई म्हणून..." ते म्हणाले. हात तोंडावर घेऊन ते खाली बसले. खांदे हलायला लागले.

खुशबू माझ्या कडेवर होती. प्लास्टरचा जड हात माझ्या गळ्यात टाकून ती त्यांच्याकडे पाहत होती. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली,

"आई, आबाजी तं पडले नाई. मंग ते काऊन रडून राह्यले?"