कोणी उतरेना

मयेच्या फाट्यावर कृष्णनाथने बस थांबवली, दार उघडले, पण कोणी उतरेना.

वास्कोहून लग्न आटोपून परत येणारे वऱ्हाड होते. लग्न मधुकरच्या मुलाचे. मधुकर शेजारचा, लहानपणापासूनचा सोबती, म्हणून कृष्णनाथने दुसरे भाडे सोडून आपली मिनीबस त्याला दिली होती. सकाळी जाताना बायकांनी गाडी डोक्यावर घेतली होती. येताना मात्र सगळे चिडीचूप. पणजीचा पूल ओलांडताना त्याने आरशात बघून विचारलेही होते, "काय रे, जेवाण जड झालां काय सगळ्यांक?" कोणी हसले नव्हते.

"उतरा मरे," तो आता म्हणाला. "हांगाच रवतल्यात काय?"

मागच्या सीटवरून मधुकर म्हणाला, "चल तू फुडे. आम्ही तुझ्या घराकडेच उतरतों."

तेव्हा कृष्णनाथला कळले. नक्की काय ते कळले नाही, पण आपल्याच घरचे काहीतरी आहे एवढे कळले. पुढचा रस्ता त्याने कसा काढला ते त्याला आठवत नाही. अंगणात माणसे उभी होती. इंजिन चालू ठेवून, बस रस्त्यात आडवी टाकून तो धावला. दुपारी कपडे वाळत घालता घालता त्याची बायको कमलाक्षी पडली होती. डॉक्टर येईपर्यंत सगळे संपले होते.

बस बाजूला घेतली आणि चावी खिशात ठेवली ती मधुकरने.

तेराव्यानंतर मधुकर भेटायला आला, तेव्हा कृष्णनाथने त्याला बसायला सांगितले नाही. "वास्कोसून हांगासर तू माझ्या पाठी बसललंस. सगळ्या गाडीक ठावक, आणि माका नाय. मी तुमका हसवूक बघी होतंय!"

मधुकर खाली मान घालून उभा राहिला आणि तसाच गेला. त्या दिवसापासून दोघांचे बोलणे बंद झाले. कृष्णनाथने भाडी घेणेही बंद केले. पण दर रविवारी सकाळी फाटकाजवळ उभी असलेली बस सुरू होई. मधुकर येऊन चावी लावी, बॅटरी उतरू नये म्हणून थोडा वेळ इंजिन चालू ठेवी आणि बंद करून जाई. कृष्णनाथ आत बसून तो आवाज ऐके. बाहेर येत नसे.

प्रज्योत, त्याचा मुलगा, लिस्बनला एका हॉटेलात कामाला. सगळ्यांनी मिळून त्याच्याकडे जायचे हा बेत कमलाक्षीचा. "दोन गाड्यो नकोत," तिने मुलाला फोनवर बजावले होते. "एकच व्हडली गाडी घे. सगळी एकत्र बसाक होयी. चालवतले तुझे बाबा." प्रज्योतला गाडी चालवता येत नव्हती. घरात एक ड्रायव्हर पुरे म्हणून तिनेच त्याला शिकू दिले नव्हते. ती गेल्यावर बेत वर्षभर मागे पडला. मग तिची धाकटी बहीण यशोदा पेडण्याहून येऊन बसली. "ताईन ठरवलेला मोडाचा नाय, भावोजी," म्हणाली आणि त्याच्याकडून हो म्हणवूनच उठली. परदेशात चालवायचा परवाना तिच्या नवऱ्याने, दत्तारामने, मागे लागून काढून घेतला.

लिस्बनला पोचल्यावर समुद्रावर जायला घेतलेली गाडी मोठी होती, नऊ माणसांची. भाड्याने देणारी मुलगी कागद पुढे करत होती आणि कृष्णनाथ गाडीभोवती फिरत होता. टायर दाबून पाहिले, जॅक आणि स्टेपनी बघितली, दारावरच्या ओरखड्याचा फोटो प्रज्योतला काढायला लावला. मग सवयीने उजवीकडचे दार उघडून वर चढला आणि बसून राहिला. समोर नुसता डॅशबोर्ड.

"कृष्णनाथ," दत्ताराम ओरडला, "स्टेअरिंग चोरीक गेलां काय रे?"

प्रज्योत, त्याची बायको प्रिया, प्रियाचे आईवडील, सगळे पोट धरून हसले. कृष्णनाथही हसला, खाली उतरला आणि वळसा घालून डावीकडे जाऊन बसला.

डावी बाजू कमलाक्षीची. घरची माणसे कुठे निघाली की ती पुढे डावीकडे बसे, मांडीवर पर्स घेऊन, आणि प्रत्येक वळणावर पायाने ब्रेक दाबी. "खंय आसा गो तुझो ब्रेक?" तो चिडवी. "असूंदे. मी माझो दाबतंय," ती म्हणे. आता त्याच जागी त्याच्या पायाखाली खरा ब्रेक होता.

शहरातून बाहेर पडेपर्यंत गडबड होती. प्रज्योत शेजारी बसून रस्ता सांगत होता, मागे फराळाचे डबे फिरत होते. मग मोठा रस्ता लागला. यशोदा म्हणाली, "ताई आज असती तर..." आणि थांबली. बाकीचेही थांबले.

कृष्णनाथने आरशात पाहिले. कोणी खिडकीबाहेर बघत होते, कोणी मांडीवरच्या हातांकडे. त्याच्याकडे कोणी बघत नव्हते. गाडी एका रेषेत राहीना. पुढे पेट्रोलपंप दिसला तशी त्याने गाडी आत घेतली, हँडब्रेक ओढला, उतरून मागचे दार उघडले.

"उतरा."

कोणी उतरेना. त्याला काय झाले तेच कोणाला कळेना.

"उतरा म्हणतंय मी!"

"बाबा, अजून खूप जायचंय," प्रज्योत म्हणाला.

"कोण गेलां?" कृष्णनाथ म्हणाला. "सांगा माका. कोण गेलां?"

यशोदा उतरली. त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "कोण नाय गेलां, भावोजी. ताईची याद इली, म्हणान गप्प बसलों. देवाशपथ, कोण नाय गेलां."

तो गाडीला टेकला.

"आणि एक सांगतंय," ती म्हणाली. "त्या दिवशी मधुकरान तुमका फसवूक नाय. त्याका फोन मी केललंय. तो म्हणी होतो, गाडी थांबवन सांगतंय. मीच म्हटलां, गाडी भरलेली आसा, पोरांबाळां आसत, घराक पावासर तोंड उघडलंस तर तुका ताईची शपथ."

"आणि वरसभर माका सांगूक नाय?"

"तुम्ही दोघां बोलनास नाय, ह्यां काल रातीक प्रज्योतान सांगल्यान तेव्हा कळलां. तो मधुकर कोणाकडे बोललो नाय मां!"

पंपाला लागून दुकान होते. एवढ्यात तिथे जाऊन आलेला दत्ताराम कागदी पिशवी घेऊन लगबगीने पुढे आला. "ऐका मरे! मी नुसतां पाव म्हटलां आणि तेणी पाव दिल्यान! हांगासरय पावच म्हणतत!"

गरम पाव हातोहात संपला. कृष्णनाथने हात झटकले आणि पुन्हा डावीकडे चढून बसला.

"बसा. पण गाडी चलता तवसर कोणी गप्प रवाचां नाय. भांडा व्हयी तर."

ते भांडलेच. दत्ताराम आणि प्रियाचे वडील मयेच्या तळ्यावरून, तळ्यात पूर्वी किती पाणी असायचे त्यावरून, समुद्र दिसेपर्यंत भांडले. कृष्णनाथने सगळ्यांना किनाऱ्यावर नेले, सगळ्यांना परत आणले आणि संध्याकाळी गाडी नवा ओरखडा न पडता त्या मुलीच्या ताब्यात दिली.

मयेला परत आल्यावरचा पहिला रविवार. फाटकाजवळ बस सुरू झाली. कृष्णनाथ बाहेर आला आणि डावीकडचे दार उघडून आत बसला. स्टेअरिंगवर मधुकर होता. त्याने मान वळवली नाही.

"बॅटरी बरी आसा," मधुकर म्हणाला.

"हं."

इंजिन चालत राहिले. मग मधुकरने ते बंद केले आणि चावी काढून पुढे केली. "घे. चावी तुझी."

"रवंदे तुझ्याकडे," कृष्णनाथ म्हणाला. "फुडच्या आयतारा ये. आपण बॉर्डाच्या बाजारापर्यंत एक फेरी मारूया. गाडी तू चालय."

मधुकरने चावी पुन्हा खिशात ठेवली.

त्यानंतर पुष्कळ रविवार गेले. दोघे बॉर्डाला जातात, तिथे चहा घेतात आणि परत येतात. वाटेत मधुकरची सून, तळ्याचे पाणी, बॅटरी, सगळ्यावर बोलणे होते. कृष्णनाथने माफी मागायची मात्र अजून राहिली आहे.