मी दुकानाच्या आत राहायला आलो

मी इंटरनेटवरचा एक जुना चर्चामंच आहे. वय वर्षं चौदा. मित्रांनो, चौदाव्या वर्षी तुमची उंची कुठे वाढायला लागलेली असते. आमच्यात मात्र या वयाला म्हातारा म्हणतात. माझ्या बरोबरीचे कितीतरी चर्चामंच केव्हाच बंद पडले. मी अजून चालू आहे. ते कुणामुळे, हे सांगावंसं वाटतं, म्हणून आज बोलतो आहे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्याच्या पुढच्या खोलीत झाला. तिथे चाकाच्या खुर्च्या दुरुस्त होत आणि त्यांच्या सुट्या भागांचं दुकानही होतं. मागच्या खोलीत मिस्त्री काम करत. भिंतीवर खिळ्यांना लहानमोठी चाकं टांगलेली, टेबलावर बेअरिंगचे डबे. पुढच्या खोलीत त्यांची थोरली बहीण बसे. मिस्त्री त्यांना ताई म्हणत, बाकी सगळं जग आत्या म्हणे. आत्या लहानपणापासून चाकाच्या खुर्चीवर होत्या. मिस्त्रींनी आयुष्यात पहिली खुर्ची उघडली ती त्यांचीच, आणि ती परत नीट जोडायला त्यांना चार दिवस लागले होते. ही गोष्ट आत्या गिऱ्हाइकांना हसून सांगत आणि मिस्त्री आतून ओरडत, "तीन दिवस!"

सुटे भाग मागवण्यासाठी दुकानाची वेबसाइट होतीच. पण फोनवर लोक तेच तेच प्रश्न विचारत. आत्यांच्या मनात आलं, या लोकांना एकमेकांशीच बोलता आलं तर किती बरं होईल! म्हणून त्यांनी एका प्रोग्रामरला बोलावलं.

"मंचासाठी दोन जागा आहेत," तो म्हणाला. "एक, वेबसाइटच्या पत्त्यात दुकानाच्या नावाआधी 'चर्चा' लिहायचं आणि मध्ये टिंब द्यायचं. त्याला सबडोमेन म्हणतात. शेजारीच, पण वेगळं घर. दुसरी, दुकानाच्या नावानंतर तिरकी रेघ मारून 'चर्चा' लिहायचं. ती सबडिरेक्टरी. म्हणजे त्याच घरात आणखी एक खोली."

"मग खोलीच द्या की," आत्या म्हणाल्या.

"नाही देता येणार. तुमची वेबसाइट दुसऱ्या कंपनीच्या तयार साच्यातली आहे. त्यात दुसरा प्रोग्राम बसवू देत नाहीत."

अशा रीतीने मी वेगळ्या घरात राहू लागलो. त्याबद्दल माझ्या मनात अढी नाही. उलट दुसऱ्याच वर्षी माझ्यावर खोट्या जाहिरातींचा असा लोंढा आला की मी दोन दिवस पार आडवा झालो. घर वेगळं होतं म्हणून दुकानाला धक्का लागला नाही. तेव्हा त्या प्रोग्रामरचे मी मनोमन आभार मानले.

माझे ते दिवस फार चांगले गेले. कुणी विचारी, उतारावर ब्रेक सुटतो, काय करू? कुणी विचारी, पावसात गादी भिजली तर कशी वाळवायची? सगळ्यात जास्त उत्तरं देत एक घड्याळं दुरुस्त करणारे काका. त्यांची पत्नी खुर्ची वापरत असे. काका आधी हाताने चित्र काढत, बाण दाखवत, मग त्याचा फोटो मला देत. त्यांच्या एका उत्तराची माझ्यावर सर्वांत जास्त वाहवा झाली: "पुढचं लहान चाक अडलं की नवं मागवू नका. आधी त्याचा दांडा बघा. केस आणि दोरे गुंडाळलेले असतात. चिमट्याने काढा." एका दवाखान्याने तर या उत्तराचा पत्ता आपल्या माहितीपत्रकावर छापला. आत्यांनी ते पत्रक समोरच्या भिंतीवर चिकटवलं.

मग काका वारले. त्यांच्यामागे माझ्याकडे सहाशे बारा उत्तरं उरली. हळूहळू माणसं कमी झाली. कधी कधी आठवडा आठवडा कुणी काही विचारत नसे. आत्या मात्र रोज सकाळी मला उघडत, कचरा झाडावा तशा फालतू जाहिराती काढत आणि दिवसभर मला पडद्यावर उघडं ठेवत. त्यामुळेच त्या खोलीतलं बोलणं मला कळत असे.

एके दिवशी दुपारी एका ग्रंथपाल बाईंचा फोन आला. नवं चाक बसवायचं कसं, असं त्या विचारत होत्या.

"जुन्याला काय झालं?" आत्यांनी विचारलं.

"फिरेनाच. नवं यायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस मी खिडकीतून रस्ता बघत बसले. आता काढून बघते तर जुन्या चाकाच्या दांड्यावर नुसते केस आणि दोरे!"

आत्यांचा आवाज उतरला. "मंचावर विचारलं नाहीत?"

"कुठला मंच? अहो, तीन वर्षं तुमच्याकडून सामान मागवतेय मी. मला तसं काही दिसलंच नाही."

फोन ठेवून आत्यांनी संगणक जवळ ओढला. मग त्यांनी स्वतः गिऱ्हाईक होऊन दुकानाची वेबसाइट उघडली. माझं नाव अगदी तळाशी होतं, मुंगीएवढ्या अक्षरांत. ते दाबलं की रंग बदले, पान बदले आणि मी नवा पासवर्ड मागे. उत्तर माझ्याकडे होतं, आणि त्या बाई नऊ दिवस घरात अडकल्या होत्या. मला स्वतःची फार लाज वाटली.

मिस्त्रींची मुलगी एव्हाना स्वतः प्रोग्रामर झाली होती. शनिवारी ती आली तेव्हा आत्यांनी तिला सगळं सांगितलं.

"आत्या, दुकानाची वेबसाइट गेल्या वर्षीच त्या तयार साच्यातून काढून आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर आणलीय," ती म्हणाली. "आता मंचाला आत घेता येईल. पासवर्ड एकच. आणि प्रत्येक सुट्या भागाखाली त्याचे प्रश्न दाखवता येतील."

मिस्त्री हात पुसत बाहेर आले. "चालू गाडीचं चाक कशाला काढायचं? उद्या मंच कोसळला तर दुकानही घेऊन पडेल."

"ती भीती खरी आहे, बाबा. म्हणून आतला प्रोग्राम वेगळाच ठेवीन. बाहेरून पत्ता तेवढा एक दिसेल."

"आणि इंटरनेटवर शोधणारी यंत्रं? त्यांना कुठला पत्ता आवडतो, आतला की बाहेरचा?"

"त्यावर जाणत्यांचंही एकमत नाही. मी त्या यंत्रांसाठी नाही, त्या ग्रंथपाल बाईंसाठी सांगतेय."

मिस्त्रींचं मन तयार होईना. तेव्हा आत्या शांतपणे म्हणाल्या, "अरे, पोस्टात जा, बँकेत जा, लग्नाच्या हॉलवर जा, मला सगळे सांगतात, मागून या, तिकडे पायऱ्या नाहीत. जाते मी मागून. पण मागून गेलेल्याला पुढे काय चाललंय ते कळत नाही, आणि पुढच्यांना तो आलाय हेच कळत नाही. आपल्या दुकानात तरी खुर्चीवाल्यांची बोलण्याची जागा मागे नको."

मिस्त्रींनी हातातलं फडकं घडी करून टेबलावर ठेवलं. "कर गं," ते मुलीला म्हणाले. "पण काकांचं एक अक्षर जरी हरवलं ना, तर गाठ माझ्याशी आहे."

तीन आठवडे ती याद्या करत होती. माझ्या प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर नवा पत्ता. दवाखान्याच्या पत्रकावर छापलेली अक्षरं तर कुणीच बदलू शकणार नव्हतं; तो जुना पत्ता टाकला तरी माणूस नव्या जागी पोचायला हवा होता.

एका रविवारी सकाळी मला हलवलं. मिस्त्रींनी त्या दिवशी कारखाना बंद ठेवला होता. शब्द सगळे सुखरूप आले. आत्यांनी काकांचं पहिलं उत्तर उघडलं. चित्राच्या जागी नुसता कोरा चौकोन होता. दुसऱ्या उत्तरात तेच. तिसऱ्यातही तेच.

"गेली," आत्या कशाबशा म्हणाल्या. "काकांची चित्रं गेली."

भाचीचा चेहरा पडला, पण तिने आत्यांचा हात धरला. "जुनं घर मी मोडलेलं नाही, आत्या. महिनाभर मोडणारही नाही. चित्रं तिथेच असणार."

तसंच निघालं. चित्रं जुन्या घरात वेगळ्या कप्प्यात होती, आणि त्या कप्प्याचा पत्ता यादीत लिहायचाच राहिला होता. जेवणं तशीच राहिली. दुपारी एक चौकोन भरला, मग दुसरा, मग भराभर सगळे. काकांचे ते थरथरते बाण पाहून माझ्या जिवात जीव आला. मिस्त्रींनी स्टूल ओढलं आणि सहाशे बारा उत्तरं एकेक करून स्वतः तपासली.

संध्याकाळी काकांच्या पत्नीचा फोन आला. त्या रोज जुन्याच वाटेने येऊन काकांचं एखादं पान वाचत, हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आज वरचा पत्ता वेगळा दिसला," त्या म्हणाल्या. "मी घाबरलेच. पण खाली बघितलं तर यांचंच अक्षर!"

"आम्ही जागा बदललीये, वहिनी," आत्या म्हणाल्या. "पण तुम्ही खुशाल जुन्या वाटेनेच या. आपोआप इथे पोचाल."

आता मी दुकानाच्या आतच राहतो. लहान चाक मागवायला आलेल्या माणसाला खाली काकांचं उत्तर आधी दिसतं आणि तो चिमटा शोधायला जातो. "काका गेले तरी मला चाकं विकू देत नाहीत!" असं म्हणून मिस्त्री हसतात. ग्रंथपाल बाईंनी माझ्याकडे 'नऊ दिवस' या नावाने खातं उघडलंय आणि नव्या माणसांना त्या इतक्या हौसेने उत्तरं देतात की आत्यांना कधी कधी कामच उरत नाही.

मित्रांनो, मला वेगळं घर देणाऱ्याचा मी ऋणी आहे, आणि आत घेणाऱ्यांचाही. पण सगळ्यात जास्त ऋणी आहे तो त्या तीन आठवड्यांच्या यादीचा. तुम्हीही मोठेपणी पुष्कळ काही हलवाल, बदलाल, नवं कराल. जरूर करा. फक्त निघताना जुन्या दारावर नवा पत्ता नीट लिहून ठेवा. कुठेतरी कुणीतरी अडलेलं असतं, आणि त्याच्या हातात जुनाच कागद असतो.